इंजिनात तुकडा पडला, बोल्ट आत तुटला: काय करायचं आणि काय अजिबात नाही

काम चालू असताना इंजिनात काही पडलं, तुटलं, किंवा जोडणी संपल्यावर एक वॉशर कमी भरला, तर सर्वांत आधी किल्ली काढून खिशात घाला. बटण स्टार्टची गाडी असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून बाजूला करा. बाकी सगळं नंतर. नुसत्या पडलेल्या तुकड्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते "जरा सेल्फ मारून बघू, आवाज येतो का" असं कुणी म्हटल्यावर. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तीन. पिस्टन पूर्ण वर आला की त्याची कड आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्यात बहुतेक इंजिनांत एक मिलिमीटरच्या आसपास फट राहते. दोन सेकंद सेल्फ मारला तरी तेवढ्या फटीत तुमचा वॉशर सहा वेळा चेपला गेला. मग तासाभरात निघणारं काम हेड उतरवण्यावर जातं.

इतकं बजावून सांगायचं कारण, टो होऊन गॅरेजात येणाऱ्या अशा बऱ्याच गाड्या आधी कुठेतरी सेल्फ मारूनच आलेल्या असतात. आणि कुणी तसं कबूल करत नाही.

तुकडा कुठला, यापेक्षा गेला कुठे

तुकडा जायच्या जागा चारच. सिलिंडर, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर. ऑइलची बाजू, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखाली, टायमिंग चेनच्या पोकळीत किंवा खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत. हवेची बाजू, म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि इनटेक मॅनिफोल्ड. आणि पाण्याची बाजू.

पाण्याची बाजू सर्वांत कमी जिवावरची. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगची नळी काढताना तोंड तुटलं आणि तुकडा आत राहिला, तर होज सोडून उलट दिशेने पाणी मारलं की बहुतेक वेळा तो बाहेर येतो. थोडा वेळ जातो, इतकंच.

हवेच्या बाजूचा तुकडा म्हणजे सिलिंडरमध्ये जायला निघालेला तुकडा, तोच न्याय त्याला. ऑइलच्या बाजूला मात्र डोकं वापरायला वाव आहे, त्यावर पुढे लिहिलंय. सिलिंडरच्या बाबतीत वाव नाही. सापडेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

शोधायच्या आधी तुकडे जुळवा

हातात टॉर्च घेऊन लगेच भोकात वाकून बघायची घाई सगळ्यांनाच असते. त्याआधी एक पांढरं सुती कापड बॉनेटजवळ पसरा आणि जे तुकडे हाती आले ते त्यावर मूळ आकारात मांडा. शेजारी तोच नवा भाग ठेवा. दुकानातून आणायचाच आहे, तर आत्ताच मागवा.

डिपस्टिकच्या नळीचं उदाहरण घ्या. काही गाड्यांत नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचं नरसाळं असतं. दहा-बारा वर्षं इंजिनाची धग खाऊन ते इतकं ठिसूळ होतं की ऑइल बघायला डिपस्टिक ओढली तरी त्याचे चार-पाच तुकडे होतात. ते कापडावर जुळवले की एका बाजूला त्रिकोणी खाच रिकामी दिसते. हरवलेला तुकडा तेवढाच, त्याच आकाराचा. नळीचं भोक त्या त्रिकोणापेक्षा अरुंद असेल तर तुकडा आत गेलेलाच नाही. तो खाली एक्झॉस्टच्या कव्हरवर नाहीतर अंडरबॉडीच्या प्लास्टिकवर पडलेला असणार. अशी दोन मिनिटांची जुळवाजुळव पुष्कळदा चेंबर उतरवायचं काम वाचवते.

बोल्टचंही तसंच. टॅपेट कव्हरचा ६ एमएमचा बोल्ट, म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो तो, त्याचं डोकं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अकरा मिलिमीटरच्या वर भरतं. हेडमधलं ऑइल परत खाली जायचं भोक त्यापेक्षा लहान असेल तर बोल्ट वरच कुठेतरी आहे. आधी तिथेच बघा.

मॅग्नेट सगळ्यांकडे असतो, लांब होणारा, पेनासारखा. पण तो फिरवून "काही नाही लागलं" म्हणून मोकळं होता येत नाही. पोलादी बोल्ट, व्हॉल्व्हचे लॉक (व्हॉल्व्हला स्प्रिंगशी धरून ठेवणारे छोटे तुकडे), स्प्रिंग वॉशर हे लागतात. तांब्याचा वॉशर, ॲल्युमिनियमचा कपचा, प्लास्टिक आणि स्पार्क प्लगची चिनी माती यांतलं काहीही लागत नाही. स्टेनलेसचे काही क्लिपही लागत नाहीत. म्हणून नव्या भागाला आधी मॅग्नेट लावून बघायचा. तो चिकटत नसेल तर मॅग्नेट पेटीत ठेवा आणि कॅमेरा काढा.

मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा आता हजार-दीड हजारात मिळतो. घेताना साडेपाच एमएम जाडीचा घ्या. आठचा १४ एमएमच्या प्लगच्या भोकातून जातो, पण वळवायला जागा राहत नाही. सोबत आरशाचं टोपण असेल तर व्हॉल्व्हची बाजूही दिसते.

प्लगची चिनी माती तुटली

पेट्रोल गाड्यांत सर्वांत जास्त होणारा प्रकार हा, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच. तुटण्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला, पान्याच्या वरचा भाग तुटतो. सॉकेट तिरकी बसली किंवा एक्स्टेन्शनला बाजूने झटका बसला की वरची पांढरी नळी कट् करून मोडते. माणूस घाबरतो, पण यात घाबरायचं काही नसतं. प्लगचा धातूचा भाग अजून हेडमध्ये घट्ट बसलेला आहे, म्हणजे सिलिंडरचं दार बंद आहे. चूक होते ती पुढे: लगेच सॉकेट लावून प्लग सोडवला जातो आणि विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खळग्यात, पडलेला सगळा चुरा त्या भोकातून खाली जातो. म्हणून प्लगला हात लावायच्या आधी विहीर साफ करा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ नळी टेपने बांधा, खालपर्यंत घाला, मग डोळ्यांवर चष्मा लावून हवा मारा, मग परत व्हॅक्यूम. कॅमेऱ्याने विहीर स्वच्छ दिसली की मगच १६ किंवा २१ ची सॉकेट.

दुसरा प्रकार खरा त्रासाचा. प्लग बाहेर येतो आणि दिसतं की खालचं चिनी मातीचं नाक अर्धं नाही, किंवा टोकाचा वाकडा इलेक्ट्रोडच गायब आहे. इथे पहिला प्रश्न: हे आत्ता तुटलं की आधीच तुटलेलं होतं? उत्तर प्लगवरच लिहिलेलं असतं. तुटलेल्या कडेकडे भिंगातून बघा. कड पांढरीशुभ्र, कोरी असेल तर ती आत्ताची. कडेवर तपकिरी किंवा काळा थर चढलेला असेल तर प्लग आधीच कधीतरी तुटला आणि गाडी तशीच चालत होती. गाडीमालकाला विचारलं की बहुतेक वेळा इंजिन अडखळत (मिसिंग) असल्याचं निघतंच.

कड जुनी असेल तर तुकडा बहुधा एक्झॉस्टमधून गेलेला असतो. तरी कॅमेऱ्याने सिलिंडर बघायचा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचा. तोच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दाखवत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट दुखावली आहे किंवा कपची अजून तिथेच चिमटीत आहे.

कड नवी असेल तर तुकडा आत आहे, असंच धरून चालायचं. प्लगची चिनी माती म्हणजे ॲल्युमिना, कानसेलाही दाद न देणारा पदार्थ. सिलिंडरच्या बिडाच्या भिंतीवर आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर तो ओरखडे काढतो, स्वतः झिजत नाही. "एक्झॉस्टमधून निघून जाईल" हा सल्ला जो देतो त्याला इंजिन खोलायचे पैसे द्यावे लागणार नसतात.

काढायची पद्धत अशी. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. त्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरला की हवेचा दाब जाणवतो. तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन वरच्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर खाली असतानाच थांबा. टोकाला न्यायचा नाही. फिरवताना कुठेही कडक लागलं तर जोर न लावता थांबायचं. आता तुकडा भोकापासून जवळ आहे आणि व्हॉल्व्हच्या खाली सरकायची त्याला वाट नाही.

मग पातळ सिलिकॉनची नळी व्हॅक्यूमला जोडा. जोडाच्या ठिकाणी जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून बसवा. ही जाळी विसरायची नाही, कारण तुकडा क्लीनरच्या पिशवीत गेला तर निघाला की नाही हे कळायला धूळ उपसत बसावं लागतं. जाळीवर तो समोर दिसतो. व्हॅक्यूम चालू असताना दुसऱ्या बारीक नळीने हवेचे छोटे झोत मारले तर कडेला बसलेली कपची उठते. ऑइल किंवा कार्बनमध्ये रुतून बसली असेल तर जाड वायरच्या टोकाला घट्ट ग्रीसचा ठिपका लावून, कॅमेऱ्यात बघत ती उचलता येते. वेळखाऊ आहे, पण जमतं.

निघालेले तुकडे पुन्हा कापडावर, प्लगशेजारी. नाक पूर्ण जुळलं तर काम झालं. कपचीएवढी जागाही रिकामी राहिली तर परत कॅमेरा. तरीही मिळाली नाही तर हेड उतरवायचं, तिथे चर्चा नको.

आता प्लग का तुटतात? निम्मा दोष काढणाऱ्याचा, निम्मा आधी बसवणाऱ्याचा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ एमएमचा वॉशरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन मीटरवर बसतो. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग नवा प्लग असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळातल्या एका तासाइतका फेरा पुरतो. लांब रॅचेटला लटकून बसवलेला प्लग पुढच्या माणसाच्या हातात तुटतो. आट्यांना अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावायची काहींना सवय असते. एनजीकेसारख्या कंपन्या त्यांच्या मुलामा दिलेल्या प्लगना ते लावू नका म्हणतात, कारण आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

आणि प्लग थंड इंजिनातच काढायचा. गरम असताना ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुपटीने फुगतं, त्यामुळे प्लग सैल वाटतो हे खरं, पण मऊ पडलेले हेडचे आटेही त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतात.

काढणाऱ्याचा किंवा बसवणाऱ्याचा दोष नसतानाही प्लग तुटतो, असा एक प्रसिद्ध अपवाद आहे. अमेरिकेत राहणाऱ्या कुणी जुना फोर्ड एफ-१५० पिकअप घेतला असेल, २००४ ते २००८ च्या काळातला, ५.४ लिटरच्या तीन व्हॉल्व्हवाल्या ट्रायटन इंजिनाचा, तर त्यातल्या मूळ प्लगचं खालचं लांब आवरण दोन भागांत जोडलेलं असतं आणि कार्बनमध्ये चिकटून ते हेडमध्येच राहतं. फोर्डने त्यासाठी वेगळी सूचना काढली होती: प्लग जेमतेम अष्टमांश ते पाव फेरा सोडवायचा, विहिरीत कार्ब क्लीनर ओतून किमान १५ मिनिटं मुरू द्यायचं, मग मागे-पुढे करत काढायचा. आत राहिलेलं आवरण ओढून काढायची खास हत्यारंही बाजारात आहेत. ती हत्यारं जवळ नसतील तर त्या प्लगला हात न लावलेला बरा.

बोल्ट तुटून खुंट आत राहिला

इथेही पहिला प्रश्न तोच, तुटला कसा. आवळताना तुटला असेल तर तुमचं नशीब चांगलं. ताण डोक्यामुळे होता, डोकं गेलं की ताण गेला, आणि उरलेला खुंट आट्यांत बहुधा सैल असतो. टोकदार पोगर किंवा दाभण त्याच्या कडेला टेकवून डावीकडे हळूहळू ढकललं की तो फिरत वर येतो. ड्रिल काढायचीसुद्धा गरज पडत नाही. ६ एमएमच्या बोल्टला फक्त ८ ते १० न्यूटन मीटर लागतो. अर्धा इंची रॅचेट त्याच्यावर लावणं म्हणजेच तो तोडणं. पाव इंची रॅचेट घ्या आणि मूठ दांड्याच्या मध्यावर धरा.

सोडवताना तुटला असेल तर खुंट गंजाने धरलेला आहे. मग सबुरीचं काम. गंज सोडवायचं ऑइल मारून रात्रभर ठेवा. खुंट पृष्ठभागाच्या वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा; वेल्डिंगची धग गंज मोडते आणि पाना लावायला नवं डोकंही मिळतं. ॲल्युमिनियमला पोलादी वेल्ड धरत नाही, त्यामुळे खुंट थोडा आत असला तरी कसबी वेल्डर थेंबाथेंबाने तो वर आणू शकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तुटक्या स्टडला माझ्या मते हाच पहिला इलाज, शेवटचा नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढा.

खुंट खोल असेल तर ड्रिल. पंच बरोबर मध्यावर मारणं हे निम्मं काम आहे. पंच सरकला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं आणि खुंट तसाच राहून भोक वाकडं होतं. उलटं फिरणारं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, पुष्कळदा भोक पाडता पाडताच खुंट उलटा फिरून बाहेर येतो. ईझी आऊट, म्हणजे भोकात ठोकून खुंट उलटा फिरवायची सळई, वापरायची वेळ आली तर हात हलका ठेवा. ती कडक पोलादाची असते, आणि ती आत तुटली तर साधं ड्रिल तिच्यावर नुसतं घासत बसतं. तिथून पुढे हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे जायचं. त्या यंत्रात ठिणग्यांनी पोलाद कणाकणाने खाल्लं जातं, आटे वाचतात. भोसरी, अंबड, शिरोली अशा एमआयडीसींत साचे बनवणाऱ्या टूलरूमकडे हे यंत्र असतं. मोटारीच्या दुकानात चौकशी केलीत तर पत्ता मिळणार नाही, साचेवाल्यांकडे करा.

जाता जाता: घड्याळदुरुस्तीवाले पितळेत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवून काढतात. सुट्या ॲल्युमिनियमच्या भागात तुटलेला बारीक टॅपही (आटे पाडायचं हत्यार) त्या पद्धतीने जातो म्हणतात. आख्ख्या हेडवर मात्र हा प्रयोग नको, त्यात व्हॉल्व्हच्या सीटही पोलादी असतात.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घाला. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून टॅप चालवा, बुरादा ग्रीसमध्ये अडकतो. प्लगच्या भोकात आटे पाडताना तर हे सक्तीचंच, नाहीतर एक तुकडा काढून शंभर आत टाकल्यासारखं होतं.

डिझेलचे हीटर प्लग

आपल्याकडे हवा अशी की मुंबई-कोकणात डिझेल गाडी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारा प्लग, मेला तरी सकाळी चालू होते. त्यामुळे लाख-दीड लाख किलोमीटर कुणी त्यांना हात लावत नाही, आणि ज्या दिवशी कुणी लावतो त्या दिवशी ते कार्बनने हेडशी एकजीव झालेले असतात. हे उलट गरम इंजिनात काढायचे. आदल्या दिवशी भेदणारं ऑइल मारा, गाडी फिरवून आणा, मग टॉर्क पाना लावा. ८ एमएमचा हीटर प्लग २० न्यूटन मीटरच्या पुढे आणि १० एमएमचा ३५ च्या पुढे ओढायचा नाही. बेरूसारखे बनवणारेच हे आकडे देतात. तेवढ्यात हलला नाही तर परत ऑइल, परत गरम, परत प्रयत्न. पाव फेरा डावीकडे, थोडा उजवीकडे, असं करत काढा.

तुटलाच तर टोक कुठे आहे ते बघा. आटे आणि टोक जागेवर असतील तर वरून ड्रिल करून ओढून काढायचे किट असतात, आणि हे काम रोज करणारे लोकही. टोक सिलिंडरमध्ये पडलं असेल तर इंजेक्टर काढून कॅमेरा घालावा लागतो. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेडमधली फट पेट्रोलपेक्षाही कमी असते, त्यामुळे इथे हाताने क्रँक फिरवतानासुद्धा जपून.

टॅपेट कव्हरखाली आणि चेंबरमध्ये

टॅपेट कव्हर उघडलं की पहिलं काम: टायमिंग चेनची पोकळी आणि ऑइल परतीची भोकं बंद करा. त्यासाठी एकच मोठं, भडक रंगाचं कापड घ्या आणि त्याचं टोक बाहेर लोंबू द्या. छोट्या चिंध्या आत विसरल्या जातात, कॉटन वेस्टचे धागे सुटतात. चेनच्या पोकळीत पडलेला बोल्ट सर्वांत वाईट. तो सरळ चेंबरमध्ये गेला तर ठीक, पण स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये अडकला आणि इंजिन फिरलं तर चेन दात सोडते, मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

हेड न उतरवता व्हॉल्व्हचे सील बदलताना लॉक उडतात. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन अर्धे लॉक, म्हणजे सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात ३२. काढले की मोजून डबीत ठेवायचे. बसवताना आतून ग्रीस लावा, चिकटून राहतात. आणि व्हॉल्व्ह स्वतः खाली सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी भरून पिस्टन वर टेकवून ठेवा. दोरीचं टोक बाहेर ठेवायला विसरू नका.

तुकडा चेंबरमध्ये गेल्याची खात्री असेल तर ऑइल जाळीतून गाळत काढा आणि ड्रेन बोल्टच्या भोकातून मॅग्नेट व कॅमेरा फिरवा. न निघणारा पोलादी बोल्ट तळाशी पडून राहिला तर लगेच काही होत नाही, ऑइल पंपाच्या जाळीतून तो जाऊ शकत नाही. पण चेंबर सहज उतरत असेल तर उतरवाच. प्लास्टिकचं गणित वेगळं आहे. लोकांना वाटतं ते तरंगेल. नायलॉन ऑइलपेक्षा जड असतं, बुडतं, पण इतकं हलकं की ऑइलच्या ओढीबरोबर जाऊन जाळीला चिकटतं. मग ब्रेक मारताना किंवा वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. ते चेंबर उतरवूनच काढायचं.

आणि एक तुकडा असा, जो कुणी तुकडा म्हणून धरतच नाही: अ‍ॅनाबॉन्ड, म्हणजे जोडात लावायचं सिलिकॉन. चेंबरला बोटभर सिलिकॉन थापलं की अर्धं बाहेर दाबलं जातं, ते दिसतं, पुसलं जातं. उरलेलं अर्धं आत दाबलं जातं. ते सुकून सुटतं आणि थेट जाळीवर जातं. दोन-तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरे, आणि सुकायला कंपनीने सांगितलेला वेळ. ऑइल दिव्याच्या तक्रारीत खोललेल्या चेंबरमध्ये प्लास्टिकपेक्षा निळे-राखाडी सिलिकॉनचे दोरेच जास्त सापडतात.

इनटेक मॅनिफोल्ड काढलं की उघड्या पोर्टवर लगेच टेप. त्यात नट पडला तर त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह बंद आहे का ते पाहा; बंद असेल तर नट व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेला असतो, मॅग्नेटने निघतो. उघडा असेल तर वर प्लगच्या भागात लिहिलंय तेच सगळं.

गाडी दुसऱ्याकडे दिली असेल तर

"साहेब, छोटा तुकडा आहे, चेंबरमध्ये पडून राहील, काही होत नाही." हे वाक्य कधी खरंही असतं. भांडू नका, इतकंच विचारा: "मिस्त्री, तो चेंबरमध्येच आहे हे कशावरून?" कॅमेऱ्यात दाखवला तर विश्वास ठेवा. दाखवता येत नसेल तर गाडी चालू करू देऊ नका. काय तुटलं, किती तुकडे मिळाले हे जॉबकार्डवर लिहून घ्या, तुकडे पिशवीत घालून घरी न्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पुढे वाद ग्राहक आयोगापर्यंत गेला तर हेच कामी येतं; सेवेतली त्रुटी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. जो मिस्त्री स्वतःहून येऊन "तुटलं, सापडत नाही, हेड उतरवावं लागेल" म्हणतो त्याच्यावर मात्र ओरडू नका. तो माणूस धरून ठेवण्यासारखा आहे.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं मिळालं, जुळलं, जोडलं. आता प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे चारही स्ट्रोक होतात. कुठेही ठक् करून अडलं तर मागे या. मग इंधनाचा फ्यूज काढून, कॉइल सोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ. त्यानंतर प्लग, आणि स्टार्ट.

आवाज आला तर त्याचा ठेका ऐका. पिस्टनवर काही आदळत असेल तर क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठोका पडतो, आयडलला सेकंदाला तेराच्या आसपास. टॅपेटचा आवाज त्याच्या निम्म्या वेगाने येतो, कारण कॅमशाफ्ट निम्म्याच वेगाने फिरतो. पहिला ठेका ऐकू आला तर त्याच क्षणी इंजिन बंद. दुसरा असेल तर ऑइल वर चढेपर्यंत अर्धा मिनिट थांबायला हरकत नाही.

पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि जुना फिल्टर फेकू नका, कापून उघडा. त्यासाठी फिल्टर कटर वापरा. करवतीने कापलात तर करवतीचाच बुरादा कागदात जातो आणि तो इंजिनातला समजून उगाच धावपळ होते. कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा, मग खालून मॅग्नेट फिरवा. जे हलतं ते पोलाद. जे चमकतं पण हलत नाही ते ॲल्युमिनियम नाहीतर बेअरिंगचा थर. बारीक चकाकी थोडीफार प्रत्येक फिल्टरमध्ये असते. नखाने उचलता येईल अशी कपची दिसली तर गाडी परत आत घ्या.